बाळ येणार म्हणून भुराला कुठे सोडणार?

दीड वर्षापूर्वी डिसेंबरात टेस्ट पॉझिटिव्ह आली, अन घरात अजून कुणी पेढेसुद्धा आणले नव्हते तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच, की आता कुत्र्याचं काय करणार. शेजारच्या आंटी, नवऱ्याचे ऑफिसवाले, पुण्याची माझी मावशी, सगळ्यांचं एकच. आंटी तर गेटवर उभं राहूनच म्हणाल्या, "भाभी, अभी से किसी को दे दो, बाद में बच्चे को इन्फेक्शन हो गया तो?" चांगल्या मनानेच म्हणत होत्या, त्यांच्यावर राग नाही. पण मी त्या रात्री झोपले नाही. भुरा पलंगाखाली नेहमीसारखा घोरत होता अन मी विचार करत होते की ह्याला सांगायचं काय. सहा वर्षं झाली त्याला आमच्याकडे येऊन, भाजी मंडीच्या बाहेर पाय मोडून पडला होता, तेव्हा आमचं नवीन लग्न झालेलं. आता तो अठरा किलोचा आहे अन घरातल्या प्रत्येकाच्या पायांचा आवाज ओळखतो.

आमचं घर इंदूरला राजेंद्र नगरात, सासऱ्यांनी बांधलेलं जुनं, मागे बऱ्यापैकी परस आहे, पेरूचं अन सीताफळाचं झाड आहे. भुरा, मनी नावाची मांजर, अन त्याच दिवाळीनंतर नवऱ्याने मानपूरकडच्या हाटातून आणलेल्या चार देशी कोंबड्या. तांबू, पांढरी, कवडी अन ठिपकी. सासूबाई पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद, पण त्यांनी एवढंच म्हटलं होतं की परसात काय ते करा, माझ्या ओट्यावर अंडं यायला नको. ती अट आम्ही पाळली, मागच्या व्हरांड्यात वेगळी शेगडी, वेगळी कढई, वेगळा साबण.

तर मी ठरवलं की कुणाला द्यायचं नाही, पण नीट सगळं विचारून करायचं. हे लिहितेय ते त्यासाठीच, कारण मला तेव्हा एका जागी असं कुणी सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांत शिकावं लागलं.

पहिलं म्हणजे मनीचं. डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्माबद्दल सांगितलं, गरोदरपणात पोटातल्या बाळाला बाधू शकणारे जंतू, अन मी घाबरून घरी आले की झालं, आता मांजर तर जाणारच. मग आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बसवून समजावलं. ते जंतू मांजराच्या शीतून येतात हे खरं, पण शी ताजी असताना लगेच लागण होत नाही, ते जंतू तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज साफ केलं अन ते काम गरोदर बाईने केलंच नाही, तर धोका खूप कमी होतो. शिवाय कच्चं मांस, न धुतलेली भाजी, बागेतली माती, हे पण तेवढंच मोठं कारण आहे अन त्याकडे कुणी बघतच नाही. मला कुंड्यांची माती उकरायची सवय, ती बंद केली, ग्लोव्हज घातल्याशिवाय हात नाही. मनीचा ट्रे नवऱ्याकडे गेला तो आजपर्यंत त्याच्याकडेच आहे.

भुराची तयारी जास्त मोठी होती. रेबीजची लस दर वर्षीची असतेच, ती तारीख बघून वेळेवर दिली, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचीड-पिसवांचं वेगळं. पण खरी मेहनत सवयींची. तो पलंगावर चढायचा, ते पाचव्या महिन्यापासून बंद केलं, कारण डॉक्टर म्हणाले की बाळ आल्यावर एकदम बंद कराल तर त्याला वाटेल ह्या नवीन प्राण्यामुळे माझी जागा गेली. आधीच बदला म्हणजे तो हा बदल बाळाशी जोडणार नाही. हे मला फार पटलं. मग आमच्या खोलीच्या दाराला लोखंडी जाळीचं छोटं फाटक लावून घेतलं, कंबरेएवढं, त्याला आतलं दिसलं पाहिजे पण येता आलं नाही पाहिजे. पहिले दोन दिवस तो फाटकाशी बसून रडला. मी पण रडले, पोटात सहा महिन्यांचं बाळ अन बाहेर हा. पण तिसऱ्या दिवशी त्याने तिथेच आपली गोधडी ओढून आणली अन झोपला.

रात्री जेवणं झाली की मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज लावायचो, आधी अगदी हळू, अन तेव्हाच त्याला उकडलेल्या बटाट्याचा एक-एक तुकडा द्यायचो. आठवड्यात थोडा-थोडा आवाज वाढवला. पहिल्यांदा कान टवकारून घरभर शोधत फिरला, महिन्याभराने नुसता येऊन बटाट्याची वाट बघत बसायचा. सासूबाईंना वाटायचं हे काय चाललंय, पण एक दिवस मी दवाखान्यात गेले होते तर त्यांनी स्वतःच मोबाईल लावायला सांगून त्याला बटाटा दिला होता, नवऱ्याने मला सांगितलं.

श्रावणात बाळी झाली. खूप पाऊस होता, दवाखान्यातून घरी यायला तीन दिवस लागले. त्या आधीच नवरा तिचं पहिलं दुपटं, न धुतलेलं, घरी घेऊन गेला होता. भुराच्या गोधडीजवळ ठेवलं, नाकाला लावलं नाही, त्याने आपणहून वास घेतला अन मग तिथेच बसून राहिला म्हणे. आम्ही आलो तेव्हा बाळी आधी सासूबाईंकडे दिली, त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, अन मी रिकाम्या हातांनी आत जाऊन भुराला भेटले. तीन दिवसांनी भेटत होते, तो अंगावर उड्या मारणारच, अन कडेवर बाळ असतं तर मला त्याला ढकलावं लागलं असतं. नीट भेटून झालं, तो शांत झाला, मग पट्टा लावून, दोन हात लांबून त्याला बाळी दाखवली. त्याने हवेत नाक वर करून वास घेतला. दुपट्याचाच वास. बस, शेपटी हळूच हलली.

असं लिहिल्यावर वाटतं की सगळं छान झालं, पण नंतरचे पंधरा दिवस कठीण गेले. भुराने दोन दिवस जेवण सोडलं. मी बाळंतिणीच्या खोलीत, शेक-शेगडी, मालीश, दर दोन तासांनी दूध, माझ्याच्याने त्याच्याकडे बघणं होत नव्हतं. मग नवऱ्याने एक गोष्ट केली अन ती मी प्रत्येकाला सांगते, रोज सकाळी वीस मिनिटं फक्त भुराची. पाऊस असो नसो, छत्री घेऊन फिरवायला. मोबाईल नाही, दुसरं काम नाही. आठवड्यात तो जेवायला लागला.

मनीचं उलट. तिला बाळीशी काही घेणं-देणं नव्हतं, तिला पाळणा हवा होता. गरम, मऊ, हलणारा. बाळी यायच्या आधी पंधरा दिवस आम्ही पाळण्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरून ठेवली होती, पायाखाली तो आवाज तिला आवडत नाही, दोनदा चढली अन उतरली, मग गेली नाही. तरी वरून मच्छरदाणी अन झोपताना दार बंद, ह्यात कधी सूट दिली नाही. अन भुरा असो की मनी, बाळीजवळ एकटं सोडायचं नाही, एक मिनिटसुद्धा. गॅसवर दूध उतू जात असलं तरी आधी फाटक लावायचं, मग पळायचं. लोक म्हणतात आमचा कुत्रा फार गरीब आहे, काही करत नाही. आमचाही गरीबच आहे. पण बाळाने डोळ्यात बोट घातलं तर तो काय करेल हे त्यालाही माहीत नसतं.

आता कोंबड्यांचं सांगते.

पावसाळ्यात कोंबड्या ठेवणं म्हणजे ओल्याशी रोजचं भांडण. खुराड्यात आरा मशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा टाकतो, तो ओला झाला की दोन दिवसांत अमोनियाचा वास येतो, डोळे चुरचुरतात, माशा होतात, अन कोंबड्यांना रक्ती हगवण लागायची भीती. त्या वर्षी घरात बाळ, म्हणून माशी हा विषय माझ्यासाठी जिवाचा झाला होता. नवरा दर रविवारी ओला भुसा काढून, थोडा चुना मारून, सुका भुसा घालायचा. काढलेलं सगळं परसाच्या कोपऱ्यात खड्ड्यात, सुक्या पानांसोबत, तीन-चार महिने तरी कुजू द्यायचं. ताजी विष्ठा झाडाला घातली तर मुळं जळतात, आमचं एक लिंबाचं रोप तसंच गेलं. आपल्याकडे कचरा गाडीत गीला-सूखा वेगळा द्यायची सवय सगळ्यांनाच आहे, पण आमचा गीला कचरा आता अर्धा कोंबड्याच संपवतात. फक्त उरलेले पोहे द्यायचे तर शेव काढून, मीठ त्यांना सोसत नाही.

अन चपला. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या, व्हरांड्याच्या पायरीवर, त्या कधीही उंबऱ्याच्या आत नाही. कोंबड्या अगदी ठणठणीत दिसत असल्या तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा हगवण लावणारा जंतू असू शकतो अन पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. त्यामुळे परसातून आलं की आधी साबणाने हात, नीट वीस सेकंद, मग बाळी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तर व्हरांड्यात हातांसाठी म्हणून वेगळी टाकीच बसवली, पाणी नाही म्हणून हात धुतले नाही असं कधी व्हायला नको. पाहुण्यांना मी अजूनही सांगते, कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

डिसेंबरची गोष्ट. ही लिहायला मला अजून जड जातं. बाळी चार महिन्यांची, रात्रभर सर्दीने झोपली नव्हती, पहाटे कुठे डोळा लागला. सहाच्या सुमारास, धुकं होतं, भुरा मागच्या दाराशी भुंकायला लागला. मी आतूनच म्हटलं, चूप. तो गप्प झाला, परत भुंकला. मी उठून गेले, त्याला दटावलं, की बाळी झोपलीय कळत नाही का. त्याने माझ्याकडे बघितलं अन दार ओरखडलं. मी त्याला पट्ट्याने ओढून पुढच्या खोलीत बांधलं. तिथूनही तो रडत राहिला. साडेसातला नवरा दाणे घालायला गेला तर कवडी खुराड्याच्या कोपऱ्यात पडलेली, मान चावलेली. शेजारच्या काकांनी गच्चीवरून मुंगूस भिंतीवरून जाताना बघितलं होतं. त्याने खालून माती उकरली होती, वीतभर जागा, बस तेवढीच.

कवडी सगळ्यात गरीब होती, हातावर येऊन बसायची. पण मला तिच्यापेक्षा भुराचं जास्त लागलं. तीन वेळा सांगत होता तो. मी त्या सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसले, त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, जसं रोज ठेवतो. त्यानंतर भुरा दाराशी भुंकला की कुणीतरी उठून बघतंच, रात्री दोनला असो. दहापैकी नऊ वेळा काही नसतं. तरी बघतो.

खुराडं पूर्ण परत बांधलं. आमची चूक ही होती की आम्ही षटकोनी भोकांची स्वस्त कोंबडीजाळी लावली होती. ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण बाहेरच्याला आत येऊ देत नाही असं नाही, पातळ तार, दातांनी अन पंजांनी वाकते. आता अर्ध्या इंची वेल्डेड जाळी, चहूबाजूंनी, अन खाली जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे उकरणारा आधी जाळीवरच येतो. वरूनही बंद, कारण इथे घारी आहेत, शिक्रा पण येतो. दाराला दोन कड्या. खर्च चार कोंबड्यांच्या किमतीपेक्षा किती तरी जास्त झाला, पण हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

फेब्रुवारीत बाळीचं उष्टावण झालं, मामाच्या मांडीवर बसून खीर चाटली. अन लगेच रांगायचे प्रयत्न, पोटावर सरकत-सरकत थेट फाटकापाशी, कारण फाटकाच्या पलीकडे भुरा. दोघं जाळीच्या दोन बाजूंना लोळायचे. त्याच दिवसांत तांबू खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. टोपलीतून उठेना, हात नेला तर फुगून टोचायची, पोटाची पिसं उपटून टोपलीत अंथरलेली. मला वाटलं आजारी आहे. घरी कामाला येणाऱ्या दीदी झाबुआकडच्या, त्यांनी बघितलं अन हसल्या, "भाभी, ये तो कुड़क हो गई. इसको उठाना मत, मैं भगोरिया में घर जा रही हूँ, अंडे लाऊँगी."

भगोरिया म्हणजे होळीच्या आधीचा त्यांच्याकडचा मेळा. अन अंडी बाहेरून आणायची, कारण आमच्या अंड्यांतून पिल्लं येणारच नव्हती. हे खूप जण विचारतात. कोंबडी अंडी द्यायला कोंबडा लागत नाही, ती तशीच देते, फक्त त्यात जीव धरत नाही. आम्ही कोंबडा ठेवलाच नाही, आजूबाजूला म्हातारी माणसं आहेत, पहाटे चारला त्यांची झोप का मोडायची.

होळीनंतर दुसऱ्याच दिवशी दीदी आल्या, बांबूच्या टोपलीत गव्हाच्या भुशात नऊ अंडी. कडकनाथची. झाबुआ म्हणजे कडकनाथचं माहेरच, २०१८ साली तिथल्या कडकनाथच्या मांसाला जीआय टॅग मिळाला, म्हणजे त्या भागाची खास वस्तू अशी सरकारी नोंद. दीदींकडे त्याला कालामासी म्हणतात, मांस, हाडं, तुरा, सगळं काळं. पण अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात, हे मला तेव्हाच कळलं. अन अजून एक, कडकनाथची कोंबडी स्वतः अंड्यांवर फारशी बसत नाही, उठून जाते, म्हणून त्यांच्या गावातही तिची अंडी दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवतात. म्हणजे आमच्या तांबूला खरंच काम मिळालं.

चार तास बसमध्ये हललेली अंडी लगेच ठेवायची नाहीत, एक दिवस निमुळतं टोक खाली करून थंड जागी राहू द्यायची. मग रात्री, अंधारात, दीदींनी तांबूच्या खालची जुनी दोन अंडी काढून ही नऊ सरकवली. दिवसा केलं तर कोंबडी बिथरते, रात्री तिला काही वाटत नाही. तांबूने चोचीने एक-एक आत ओढलं अन पिसं खाली सोडली. मी कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजले तर बरोब्बर रामनवमी येत होती.

ते एकवीस दिवस माझ्यासाठी फार जवळचे आहेत. मी स्वतः सात महिन्यांपूर्वी तशीच बसलेली होते ना, कुणी हात लावू नये, कुणी बोलू नये. तांबू दिवसातून एकदा उठायची, पंधरा-वीस मिनिटं, दाणे, पाणी, धुळीत अंग घासणं, अन परत. तेवढ्या वेळात भुराला पुढच्या खोलीत. अंडी ती स्वतःच फिरवते, आपल्याला काही करावं लागत नाही. रंगपंचमीला सगळा इंदूर बाहेर, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, ती राजवाड्यावर असली तरी आमच्या गल्लीतही ढोल अन पिचकाऱ्या, तर नवऱ्याने खुराड्यावर पोती टाकली अन दिवसभर परसात खुर्ची टाकून बसला.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघितली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडायचं, त्यावर अंडं धरायचं. सात अंड्यांत लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, अन मध्ये एक ठिपका हलतोय. दोन कोरी, ती काढून टाकली. सासूबाई शाल घेऊन मागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलंच नाही. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. म्हणाल्या, "दाखव बरं." मी दाखवलं. खूप वेळ बघत होत्या. मग विचारलं, "आपल्या कोंबड्या रोज देतात त्यात पण असं असतं?" मी म्हटलं, नाही आई, कोंबडाच नाही तर कसं असेल. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर म्हणाल्या, बाळीला डॉक्टरांनी अंडं सांगितलंय ना, दे, पण व्हरांड्यातच शिजव. त्या आधी मी विचारायचं धाडसच केलं नव्हतं.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही असं दीदींनी बजावलं होतं. रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी बाळीला कडेवर घेऊन जाळीबाहेर उभी होते, अन अगदी बारीक चिवचिव ऐकू आली, बंद अंड्यातून. अन तांबू उत्तर देत होती, वेगळ्याच आवाजात, घशातल्या घशात, असा आवाज तिने आधी कधी काढला नव्हता. बाळी एकदम स्तब्ध. तिला रोज रात्री मी जे कुजबुजून झोपवते तसाच सूर होता तो, मी काही वाढवून सांगत नाहीये.

सकाळी चार पिल्लं बाहेर. निळसर काळी, पाठीवर गडद पट्टे. घरात रामजन्माची गडबड, सासूबाई सुंठवडा कुटत होत्या अन मधून-मधून मागे येऊन विचारत होत्या, किती झाली. दुपारनंतर पाचवं. सहाव्याने टरफलाला भोक पाडलं होतं पण तसंच पडून, तास गेले, चोच दिसतेय, हलतेय, अन बाहेर येत नाही. मला राहवेना, मी टरफल सोलून मदत करायला निघाले, दीदींनी हात धरला. टरफलाच्या आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, पोटातला बलक पण आत ओढून घेणं चालू असतं, आपण घाई केली तर रक्त वाहून पिल्लू मरतं. अख्खी रात्र मी चार वेळा उठून टॉर्च घेऊन बघून आले, बाळीचं दूध तर होतंच मधे. पहाटे तेही बाहेर आलं, ओलं, तांबूच्या पंखाखालून नुसतं डोकं दिसत होतं. सातवं अंडं उघडलंच नाही. त्याला नवऱ्याने पेरूखाली पुरलं.

आई असली की बल्ब-बिल्ब लागत नाही, तिचीच ऊब. पहिले दीड-दोन दिवस खायलाही फार लागत नाही, पोटातल्या बलकावर चालतं. पाणी मात्र उथळ ताटलीत, त्यात गोटे टाकून, नाहीतर पिल्लं बुडतात. सातव्या दिवशी रानीखेत ह्या कोंबड्यांच्या रोगाची लस, डोळ्यात एक थेंब. ही लस बर्फात न्यावी लागते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, अन बाटली शेकडो पक्ष्यांची, आमची पिल्लं सहा. म्हणून महूच्या रस्त्यावर एक गाववाले आहेत, त्यांच्याकडे शंभरेक कोंबड्या, त्यांच्या लसीच्या दिवशीच आम्ही पिल्लं खोक्यात घालून घेऊन गेलो.

बाळीला पिल्लू हातात देऊन फोटो काढा असं सगळ्यांनी म्हटलं. नाही दिलं. ती आत्ता प्रत्येक गोष्ट तोंडात घालते. जाळीच्या अलीकडे चटईवर बसून बघते, तेवढं पुरे. भुराला पहिल्यांदा पट्ट्यावर जाळीपाशी नेलं तर तांबू आतून अशी अंगावर आली की तो चार पावलं मागे सरकला, तेव्हापासून तो जाळीपासून तेवढंच अंतर ठेवून बसतो. अंडं आम्ही बाळीला पूर्ण उकडून, आधी मोहरीएवढं, तीन दिवस थांबून मग थोडं जास्त, असं सुरू केलं, अंगावर काही उठलं नाही.

आता मे चालू आहे, पारा बेचाळीसला गेला, कोंबड्यांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकतात. खुराड्यावर ओली पोती, मातीच्या परळात पाणी दिवसातून तीनदा बदलायचं, दाणे सकाळी लवकर अन संध्याकाळी. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ह्या आठवड्यात तीन खुणा आहेत. मंगळवारी बाळीला नऊ महिने पूर्ण, गोवर-रुबेलाची लस. शुक्रवारी पिल्लांची देवीची लस, सहावा आठवडा. अन शनिवारी भुराची रेबीजची, ती खूण सासूबाईंनी स्वतः केली आहे, लाल पेनाने, पुढे लिहिलंय, "भुरा, विसरू नये".